जळणारा, न जळणारा

मात्सुए हे तळ्याकाठचं गाव.
मी ठाण्याची, तेव्हा तळ्याचं मला काय सांगता,
असं मनात म्हणतच उतरले तिथं,
वागळे इस्टेटच्या बेअरिंग कंपनीतर्फे,
अकरा महिन्यांसाठी.
बॅगेत भाजणी आणि शब्दकोश.

आराकी बाईंच्या घरातली वरची खोली.
सकाळच्या सूपात शिंपल्या,
काळ्या, नखाएवढ्या.
मी म्हटलं, या तर आमच्या तिसऱ्या,
अजून शाळेत न घातलेल्या.
बाईंना काही कळलं नाही.
त्यांनी आणखी एक वाटी वाढली.

चौथ्या दिवशी माझी कचऱ्याची पिशवी
माझ्याच दारात परत,
कान नीट बांधलेले,
वर चिठ्ठी, मोत्यासारखं अक्षर:
फार क्षमस्व. आज जळणाऱ्याचा दिवस नव्हे.
क्षमा त्यांची, लाज माझी.
असा मऊ चिमटा चरईत कुणी काढत नाही.
शालनकाकू गॅलरीतून सरळ ओरडल्या असत्या
आणि संध्याकाळी अळूवड्या पाठवल्या असत्या.
मी तीन दिवस धुमसले.
जळणारीच होते,
वार चुकला होता, इतकंच.

मंगळवार, शुक्रवार जळणारा.
महिन्यातून दोनदा न जळणारा,
काच, पत्रा, फुटक्या बश्या.
हळूहळू हात शिकले.
एकदा जेवताना माशाचा तुकडा
मी माझ्या काड्यांतून त्यांच्या काड्यांत दिला
तर बाईंनी चापट मारली हातावर.
चिठ्ठी नाही, क्षमस्व नाही.
पहिल्यांदाच मला घरातली वाटले.

कारण कळलं ते मार्चमध्ये,
त्यांचे दीर गेले तेव्हा.
राखेतलं हाड दोघांनी मिळून उचलायचं,
चार काड्या, एक हाड.
तेवढ्याच दिवशी. एरवी नाही.

परत आले.
ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्यात,
आणि घंटागाडीवाल्यानं माझ्यादेखत
दोन्ही एकाच ढिगात उलटे केले.
मी भांडले. तो हसला.
'ताई, पुढं जाऊन सगळं एकच होतं.'
त्याला काही सुचवायचं नव्हतं.
त्याला खोपटपर्यंत अजून चार गल्ल्या होत्या.

मग बाबा.
जवाहरबागेत दुसऱ्या दिवशी सकाळी
अस्थी वेचायला मी पण गेले,
कुणाला आवडलं, कुणाला नाही.
जयवंत ऐरोलीहून आला होता.
घराच्या कागदांवरून सहा वर्षं
आम्ही एकमेकांना फक्त वकिलांच्या तोंडून ओळखत होतो.
दूध शिंपडलं. राख बसली.
मणक्याचा एक तुकडा, शिंपल्यासारखा,
आणि आमचे दोघांचे हात एकदम त्यावर.

मी सोडला नाही.
त्यानंही नाही.
गुरुजी म्हणाले, चला, आटपा,
मागे दुसरे थांबलेत.
मडक्यापर्यंतचं अंतर वीतभर असेल.
आम्ही ते फार सावकाश चाललो.
त्याला आराकी बाईंचं काही माहीत नव्हतं,
आणि मी अजून सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर खण उघडला.
बाबांचा चष्मा, एका काडीला दोरा गुंडाळलेला.
कानाचं यंत्र, त्याची गोळीएवढी बॅटरी.
ठाणे परिवहनचे जुने पास, रबर लावून.
खाली घंटागाडी आली होती,
शालनकाकूंचा आवाज जिन्यातून वर,
अगं, थांबलाय तो.
मी चष्मा हातात धरून विचारलं,
हे कशात?

जयवंत चपला घालत होता.
राहू दे गं, म्हणाला, बघू.
मग दोरा सैल झालाय म्हणून
दारातच चष्मा घेऊन बसला,
दातानं गाठ ओढून बांधली,
परत दिला.

'येतो.'